कर्ता, करविता आणि ओतारी

यशाचे श्रेय कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही. कारण त्याचे उत्तर भाषेनेच आधी देऊन ठेवलेले असते. घर बांधून झाले, मुलीचे लग्न पार पडले, अवघड दुखण्यातून माणूस उठला, की मराठी माणूस 'देवाची कृपा' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. 'कर्ता-करविता तो' हे शब्द इतक्या सहजपणे ओठांवर येतात, की त्यांत एक मोठा तत्त्वविचार दडलेला आहे याचे भान राहत नाही. मात्र त्याच मराठीने 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' असे म्हणून आळशाची थट्टाही केली आहे, आणि 'प्रयत्नांती परमेश्वर' या दोन शब्दांत प्रयत्नाला आधी व परमेश्वराला नंतर बसवले आहे. श्रेय देवाला द्यावे, पण ते देण्याचा अधिकार कष्ट करणाऱ्यालाच आहे, असा काहीसा निवाडा लोकभाषेने केलेला दिसतो. हा निवाडा इतिहासात कसा आचरला गेला, कोठे टिकला आणि कोठे केवळ बोलण्यापुरता उरला, हे पाहण्यासाठी कावेरीच्या मुखप्रदेशाइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. चोळांचे वैभव, तंजावरचे मराठी राज्य, कर्नाटक संगीताची त्रयी आणि विसाव्या शतकातील एक अलौकिक गणिती, असे चार प्रवाह येथे एकाच नदीच्या काठी वाहिले आहेत. आणि या सर्वांच्या मधोमध, कुंभकोणम्‌च्या पश्चिमेला काही किलोमीटरांवर, स्वामीमलै हे गाव आहे.

स्वामीमलै हे मुरुगनाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी एक. मराठी वाचक ज्याला कार्तिकेय किंवा स्कंद म्हणून ओळखतो, तोच हा देव. येथे त्याचे नाव स्वामिनाथ. मुखप्रदेश सपाट असल्यामुळे येथे नैसर्गिक टेकडी नाही. माणसांनी रचलेल्या उंचवट्यावर मंदिर उभे आहे. वर जाण्यासाठी साठ पायऱ्या आहेत आणि प्रभवापासून सुरू होणाऱ्या साठ संवत्सरांची नावे त्यांना दिलेली आहेत. भाविक जणू काळाचे एक पूर्ण आवर्तन चढून देवापाशी पोचतो.

या स्थानाची कथा आपल्या विषयाच्या गाभ्याशी भिडणारी आहे. सृष्टिकर्ता ब्रह्मदेव आपल्या निर्मितीच्या अभिमानात बालमुरुगनाकडे दुर्लक्ष करून निघाला. मुलाने त्याला अडवून प्रणवाचा अर्थ विचारला. ज्या ओंकारापासून सृष्टी झाली त्याचा अर्थ सृष्टी करणाऱ्यालाच सांगता येईना, तेव्हा मुरुगनाने त्याला बंदीत टाकले. त्याला सोडवण्यासाठी प्रत्यक्ष शिव आला. 'तुला तरी अर्थ ठाऊक आहे काय?' असे पित्याने विचारताच, 'शिष्य होऊन ऐकणार असाल तर सांगतो,' असे मुलाने उत्तर दिले. शिवाने ते मानले आणि पुत्राच्या मुखाशी कान नेऊन प्रणवाचा अर्थ ऐकला. स्वामीचा स्वामी झाला म्हणून तो स्वामिनाथ.

या कथेत शिक्षा कोणाला झाली हे लक्षात घेण्याजोगे आहे. ब्रह्मदेवाने निर्मिती केली हा त्याचा अपराध नव्हता. निर्मितीचे मूळ न जाणता तिचे कर्तेपण मिरवले, हा त्याचा अपराध होता. आणि ज्याच्या मोठेपणाविषयी कोणालाच शंका नव्हती तो शिव मात्र लहानापुढे वाकला. कर्तेपणाचा अभिमान बंदिवासाकडे नेतो आणि शिष्यत्व मोकळे करते, असे हे स्थळपुराण सांगते. अशा गावी मूर्ती घडवणाऱ्यांची वसाहत पिढ्यान्‌पिढ्या नांदावी, हा योगायोग असला तरी मोठा अर्थपूर्ण योगायोग आहे. निर्मितीचा धंदा करणाऱ्यांनी ब्रह्मदेवाच्या बंदिवासाची कथा रोज उशाशी घेऊन झोपावे, असेच काहीसे ते आहे.

स्वामीमलैचे स्थपती ज्या पद्धतीने देवमूर्ती ओततात तिला संस्कृत ग्रंथांनी मधूच्छिष्टविधान म्हटले आहे. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात या विधीचे सविस्तर वर्णन येते. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हा ग्रंथ त्यातील जुन्या मराठी पदांच्या अंशांमुळे परिचित आहे. ज्या राजाच्या ग्रंथात मराठीचा असा जुना उच्चार ऐकू येतो, त्याच ग्रंथात मूर्ती ओतण्याची विद्याही नोंदलेली असावी, याची आठवण मराठी अभ्यासकाने ठेवायला हरकत नाही.

विधी थोडक्यात असा. नारळीच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापून, तिला घड्या घालून तालमानाचे भाग पाडतात. चेहरा किती, धड किती, गुडघा कोठे, हे त्या घड्यांवरून ठरते. मग मेण आणि राळ यांच्या मिश्रणातून मूर्तीचे अवयव हातांनी घडवून जोडतात. या मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या गाळाच्या अत्यंत बारीक मातीचा पहिला लेप बसतो. मेणावरची सूक्ष्मातिसूक्ष्म रेषा या मातीत उमटली पाहिजे. त्यावर जाड मातीचे थर येतात, मोठ्या मूर्तीला लोखंडी तारांनी आवळतात, आणि वाळलेला साचा गोवऱ्यांच्या आचेवर तापवला की मेण वितळून बाहेर पडते. आत उरते ती पोकळी. ही पोकळी म्हणजेच मूर्ती. फक्त ती अजून दिसत नाही. साचा जमिनीत पुरून त्याच्या तोंडातून मुशीतला रस ओततात. निवाल्यावर साचा फोडतात, आणि मग छिन्नी-कानशीचे दीर्घ काम सुरू होते. सर्वांत शेवटी डोळे उघडण्याचा विधी. एकदा फुटलेला साचा पुन्हा वापरता येत नाही. म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक.

या प्रक्रियेतील एका क्षणाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. मेण घडवताना कारागीर पाहू शकतो, चुकले तर सुधारू शकतो. धातूवर छिन्नी चालवताना तो पुन्हा पाहू शकतो. पण रस साच्यात उतरत असतानाचा जो थोडा वेळ, त्यात त्याच्या डोळ्यांना व हातांना काही काम नसते. साच्यात ओल राहिली असेल तर तो फुटेल. आत हवा कोंडली तर मूर्तीच्या दंडाला किंवा बोटाला पोकळ जागा राहील. रस मध्येच थंडावला तर पाय अपुरा निघेल. आत काय चालले आहे हे साचा फुटेपर्यंत कोणालाही कळत नाही. महिन्यांचे श्रम त्या अंधारात सोडून दिलेले असतात. अशा वेळी ओतारी देवाचे नाव घेतो, त्यात केवळ रूढी नाही. आपल्या कौशल्याची हद्द कोठे संपते, याचे ते अचूक ज्ञान आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: आधार, करणारा, साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. ज्ञानेश्वरांनी या विवेचनाचा विस्तार केला आहे. या क्रमाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. दैव तेथे एकटे नाही आणि पहिलेही नाही. चार कारणे जुळल्यावर ते पाचवे म्हणून येते. स्वामीमलैच्या ओताऱ्याला हा श्लोक कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. माती, माणूस, हत्यारे आणि कष्ट ही चार त्याने स्वतः मांडलेली असतात. पाचव्यासाठी तो बाजूला होतो. मातीच नीट चाळली नाही आणि मूर्ती भोके पडून निघाली, तर देवाची इच्छा म्हणून त्याला सुटता येत नाही. कारागिराची श्रद्धा आणि कारागिराची जबाबदारी या दोन गोष्टी येथे एकमेकींना पुसून टाकत नाहीत.

चोळकालीन कांस्यमूर्ती आज जगभरच्या संग्रहालयांत मानाने उभ्या आहेत, पण त्या ओतणाऱ्याचे नाव त्यांवर आढळत नाही. हे निनावीपण आपण बहुधा विनयाचे लक्षण समजतो: ज्याने देव घडवला त्याने देवाच्या पायाशी आपले नाव कोरले नाही, श्रेय देवालाच दिले. या समजुतीत तथ्य आहे. पण पूर्ण तथ्य आहे काय? तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंती या बाबतीत बोलक्या आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी राजराज चोळाने या मंदिरावर शिलालेख कोरवले. आपण काय दिले, थोरल्या बहिणीने काय दिले, राण्यांनी काय दिले आणि इतरांनी काय दिले, हे सर्व दगडावर यावे अशी त्याची आज्ञा होती. मूर्तींची उंची, त्यांचे दागिने, त्यांतील रत्ने यांची तपशीलवार मोजदाद तेथे आहे. चारशे नर्तिकांची नावे त्यांच्या घरांसह कोरलेली आहेत. सोने तोलण्याच्या मापालाही 'आडवल्लान' म्हणजे नृत्यनिपुण शिव हे देवाचे नाव दिलेले आहे. राजा स्वतःला शिवपादशेखर म्हणवतो, म्हणजे शिवाचे पाय हाच ज्याच्या मस्तकावरचा मुकुट आहे तो. आणि तरीही मंदिराचे नाव राजराजेश्वर, म्हणजे राजराजाचा ईश्वर. नम्रता आणि कीर्ती एकाच दगडावर शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात.

या गर्दीत मंदिराच्या प्रमुख स्थपतीचे नावही आले आहे: कुंजरमल्लन राजराज पेरुंतच्चन. पण त्याच्या नावातही राजाचे नाव बिरुद होऊन बसले आहे. मूर्तींच्या नोंदींत मात्र दात्याचे नाव येते, ओताऱ्याचे येत नाही. येथे एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते. ओताऱ्याने श्रेय देवाला दिले असेल. पण ते वाटेत दात्यापाशी थांबले. जो स्वतःचे नाव सोडतो त्याची रिकामी जागा नेहमी देवच भरतो असे नाही; पुष्कळदा ती सत्ता भरते. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने प्रत्येक निनावीपणापुढे हात जोडण्यापूर्वी हे विचारले पाहिजे, की नाव सोडण्याचे स्वातंत्र्य या माणसाला होते काय. ज्याला नाव कोरता आले असते आणि ज्याने ते कोरले नाही, त्याचा तो विनय. ज्याला कोरण्याची मुभाच नव्हती, त्याच्या मौनाला विनय म्हणणे ही आपली सोय आहे.

तंजावरला मराठी राज्य आले ते १६७५-७६च्या सुमारास. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी हे राज्य मिळवले. १६७७ मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर असताना कोळ्ळिडम् नदीच्या काठी तिरुमळवाडीला दोघा भावांची भेट झाली. वाटणीचा प्रश्न सुटला नाही. महाराज परतल्यावर, वर्षाच्या अखेरीस, व्यंकोजीने त्यांच्या मागे राहिलेल्या सैन्यावर चाल केली आणि त्यात त्याचा पराभव झाला. त्यानंतर महाराजांनी व्यंकोजीला लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. महादेवाची आणि भवानीची आपल्यावर कृपा आहे, हे ध्यानात न घेता तू लढाईस उभा राहिलास, तेव्हा जय कसा मिळेल, असा त्याचा आशय. यश आपले नसून देवतांचे आहे, ही येथे केवळ धार्मिक भावना नाही. जित भावासमोर मांडलेला तो राजकीय युक्तिवादही आहे. देवाला श्रेय देणारा जेता एका अर्थी नम्र होतो आणि दुसऱ्या अर्थी अजिंक्य होतो, कारण त्याच्याशी लढणे म्हणजे देवाशी लढणे ठरते. श्रेयाच्या भाषेची ही दुहेरी धार महाराजांसारख्या मुत्सद्द्याला ठाऊक नव्हती असे मानण्याचे कारण नाही.

पण या पत्राच्या जोडीने दुसरे पत्र वाचले पाहिजे. ते १६८०च्या आरंभीचे, म्हणजे महाराजांच्या निधनाच्या काही आठवडे आधीचे समजले जाते. पराभवानंतर आणि तहानंतर व्यंकोजीच्या मनाने उचल खाल्ली नव्हती. त्याने उदासवृत्ती धरली आहे, शरीराकडे व कारभाराकडे दुर्लक्ष चालवले आहे, सणवार सोडले आहेत, सैन्य रिकामे बसले आहे, आणि एखाद्या तीर्थाच्या ठिकाणी जाऊन राहण्याच्या गोष्टी तो बोलतो आहे, असे रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून महाराजांना कळले होते. धाकट्या भावाला त्यांनी जे लिहिले त्याचा सारांश असा, की ही वैराग्याची वेळ नव्हे. आपल्या वडिलांनी केवढी संकटे सोसून पराक्रम केला ते आठव आणि उद्योगाला लाग. ज्याने विजयात देवाचे नाव घेतले, त्यानेच पराजित भावाला देवाच्या नावाखाली लपू दिले नाही.

ही दोन पत्रे एकत्र वाचली म्हणजे मराठी मनाची या विषयातली भूमिका स्पष्ट होते. यश देवाचे म्हणावे. निष्क्रियता देवाची म्हणू नये. समर्थ रामदासांच्या 'दासबोधा'तही चळवळीचे सामर्थ्य आणि भगवंताचे अधिष्ठान या दोन्हींची गाठ अशीच घातलेली आहे. अधिष्ठान म्हणजे बैठक. बैठक काम करत नाही. पण बैठकीवाचून केलेले काम उभे राहत नाही.

समर्थांचा आणि या प्रदेशाचा संबंध केवळ विचारांचा नाही. रामदासी संप्रदायाचे मठ तंजावर आणि मन्नारगुडी परिसरात स्थिरावले, तेथे मराठी ग्रंथरचना झाली. सज्जनगडावरील राममंदिरातील पंचधातूच्या मूर्ती तंजावरहून आल्या, असे संप्रदायाची परंपरा सांगते. व्यंकोजीराजांच्या साहाय्याने त्या घडल्या, आणि शके १६०३ च्या माघात, समर्थांच्या निर्वाणाच्या थोडेच दिवस आधी, त्या गडावर पोचल्या. परंपरा आणखी एक गोष्ट सांगते, आणि ती विलक्षण आहे: या मूर्ती घडवणारा कारागीर अंध होता. अरणीकर हे त्याचे नाव.

या कथेतील चमत्काराचा भाग श्रद्धेवर सोडून द्यावा. पण परंपरेने कारागीर अंधच का कल्पिला असावा, याचा विचार करता येतो. मूर्ती पाहणाऱ्याला सुचवायचे आहे, की ही बोटांची करामत असली तरी दृष्टी त्याची नव्हती. दाखवणारा दुसराच होता. आणि वर पाहिलेला ओतकामाचा विधी आठवला, तर असे दिसेल की प्रत्येक ओतारी त्या एका क्षणी अंधच असतो. आंधळ्या कारागिराची कथा सबंध धंद्याची कथा आहे. शिवाय येथे दुसरीही एक गोष्ट घडली. श्रेय देवाला देणाऱ्या याच परंपरेने कारागिराचे नाव मात्र गाळले नाही. सज्जनगडावर जाणाऱ्या वारकऱ्या-रामदाशाला मूर्ती रामाची हे जसे सांगितले जाते, तसेच ती अरणीकराने घडवली हेही सांगितले जाते. बृहदीश्वराच्या भिंतींवर जे साधले नाही, ते लोकांच्या तोंडी राहिलेल्या कथेने साधले.

तंजावरच्या पुढच्या मराठी राजांनी श्रेयाचा प्रश्न आपापल्या परीने सोडवला. व्यंकोजीचा मुलगा शहाजी हा स्वतः कवी होता. त्याची भक्ती तिरुवारूरच्या त्यागराजावर, म्हणजे शिवावर. त्याने रचलेल्या पदांत मुद्रा म्हणून स्वतःच्या नावाऐवजी त्यागेशाचे नाव येते. राजाने राजमुद्रा बाजूला ठेवून देवाची मुद्रा उमटवावी, ही गोष्ट साधी नाही. याउलट दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या आवारात भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो लेख जगातील मोठ्या शिलालेखांत गणला जातो. त्याच्या चारच वर्षे आधी, १७९९च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता. पराक्रमाची गाथा दगडावर आली ती पराक्रमाला वाव उरला नव्हता तेव्हा. राजराजाने दानाचा हिशेब ज्या भिंतींवर मांडला, त्याच देवाच्या दारात सरफोजींनी आपल्या कुळाचा हिशेब मांडला. यशाचा हिशेब शेवटी कोणाकडे द्यायचा, याचे उत्तर दोघांनी आठ शतकांच्या अंतराने एकच दिले आहे.

मुद्रेचा हा विषय आणखी थोडा पुढे नेला पाहिजे, कारण नाव आणि श्रेय या दोन गोष्टी एकच नाहीत हे त्यातून कळते. सरफोजींच्या काळातच कर्नाटक संगीताची त्रयी होऊन गेली. मुत्तुस्वामी दीक्षितर (मृत्यू १८३५) यांची मुद्रा 'गुरुगुह' अशी आहे. गुह म्हणजे मुरुगन. गुरुगुह म्हणजे गुरू झालेला गुह. स्वामीमलैच्या स्वामिनाथावर त्यांची नाट रागातील कृती प्रसिद्ध आहे. ज्या देवाने पित्याला शिष्य केले त्याच्याच नावाने दीक्षितरांनी आपल्या रचना मुद्रांकित केल्या. त्यागराजांची (१७६७–१८४७) गोष्ट वेगळी. त्यांची मुद्रा त्यांचे स्वतःचे नाव आहे. पण ते नाव तिरुवारूरच्या देवाचेच असल्यामुळे मुद्रा गायकाची की देवाची, हे ठरवता येऊ नये अशी गंमत होते.

आपल्या वारकरी संतांकडे पाहिले तर 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' अशी स्वतःच्या नावाची मुद्रा प्रत्येक अभंगाच्या शेवटी आढळते. आणि याच तुकारामांनी, आपण बोलत नसून विठ्ठलच आपल्याला बोलवितो, असे पुनःपुन्हा सांगितले आहे. मग हे नाव कशासाठी? माझ्या मते ते श्रेयासाठी नाही, जबाबदारीसाठी आहे. बोलविता धनी दुसरा असला, तरी बोललेल्या शब्दाचा जाब देहूच्या तुकोबांनाच द्यावा लागला; वह्या बुडवण्याची पाळी आली ती त्यांच्यावरच. चांगले निपजले तर ते त्याचे. वाद उभा राहिला तर पुढे यायला मी आहे. मुद्रेतले नाव हे असे हमीदाराचे नाव असते.

हा सगळा जुन्या काळचा विचार झाला असे वाटत असेल, तर स्वामीमलैहून कुंभकोणम्‌ला यावे. तेथे सारंगपाणी मंदिराच्या समोरच्या रस्त्यावरील एका लहान घरात श्रीनिवास रामानुजन वाढले. जन्म १८८७ चा. गावच्या शाळेत गणितात अव्वल. पण गावच्याच महाविद्यालयात इतर विषयांत नापास होऊन शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासच्या बंदर कार्यालयात कारकुनी. १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले, १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले, १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि २६ एप्रिल १९२० रोजी, बत्तिसाव्या वर्षी निवर्तले. आपली सूत्रे नामक्कलच्या नामगिरी देवीच्या कृपेने सुचतात, अशी त्यांची श्रद्धा असल्याचे त्यांच्या निकटवर्तीयांनी नोंदवले आहे. ती त्यांची कुलदेवता होती.

हार्डी नास्तिक होते. रामानुजन यांच्या प्रतिभेला गूढ पौर्वात्य वलय चढवणे त्यांना मान्य नव्हते; त्यांची विचारपद्धती मुळात इतर गणितज्ञांसारखीच होती, असा त्यांचा आग्रह होता. भाविक आणि संशयी यांच्या या वादात एक साधी वस्तू नजरेआड होते, ती म्हणजे पाटी. कागद महाग म्हणून रामानुजन पाटीवर आकडेमोड करत, कोपराने पुसत आणि निष्कर्ष तेवढा वहीत उतरवत. तासन्‌तास, वर्षानुवर्षे. नामगिरीने सूत्र दिले असेल. पाटी तिने पुसली नाही. ओताऱ्याच्या साच्यातला अंधार आणि गणितज्ञाच्या मनातला अंधार एकाच जातीचा आहे. तयारी उजेडात होते आणि सिद्धी अंधारात. त्या अंधाराला कोणी अंतःप्रेरणा म्हणतो, कोणी नामगिरी. ज्याला त्या क्षणी आपण काही केले नाही असे प्रामाणिकपणे वाटते, त्याने श्रेय स्वतःकडे घेणे हेच उलट असत्य ठरेल.

देवीने दिलेली सूत्रेही तपासावी लागलीच. रामानुजन यांच्या वह्यांतील हजारो निष्पत्तींपैकी बहुतेक सिद्धतेवाचून होत्या. ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाने त्या वह्यांचे सिद्धतांसह संपादन केले. त्याचे पाच खंड १९८५ ते १९९८ या काळात प्रसिद्ध झाले. बहुतांश सूत्रे खरी निघाली, काही थोडी चुकीचीही. श्रद्धेला यात कमीपणा नाही. मूर्ती देवाची असली तरी साचा फोडून पाहावाच लागतो.

आता या परंपरेच्या पडछायेकडेही पाहिले पाहिजे. कुंभकोणम्‌जवळच्या शिवपुरम् येथे १९५१ मध्ये जमिनीतून काही चोळकालीन कांस्यमूर्ती निघाल्या. त्यांत एक नटराज होता. काही वर्षांनी तो दुरुस्तीसाठी बाहेर गेला, त्याची हुबेहूब प्रतिकृती तयार झाली, आणि मंदिरात परत आली ती प्रतिकृती. मूळ मूर्ती परदेशी विकली गेली. १९७३ मध्ये ती अमेरिकेतील नॉर्टन सायमन यांच्या संग्रहासाठी विकत घेतली गेली, आणि दीर्घ वादानंतर १९८६ मध्ये भारतात परतली. ज्या हातांच्या कौशल्यामुळे देव घडतो, तेच कौशल्य देवाला नाहीसा करण्यासाठीही वापरता आले. निनावी हात हा पवित्र असतोच असे नाही. जेथे नाव नाही तेथे अभिमान नाही हे खरे. पण जेथे नाव नाही तेथे जाब विचारायलाही कोणी नाही.

म्हणून अलीकडच्या काळातील बदलाकडे केवळ परंपरेचा ऱ्हास म्हणून पाहता येत नाही. स्वामीमलैच्या कांस्यमूर्तींना आज भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. २०२३ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपम्‌समोर सत्तावीस फूट उंचीचा, सुमारे अठरा टन वजनाचा अष्टधातूचा नटराज उभा राहिला, तो याच गावच्या स्थपतींनी याच जुन्या विधीने ओतलेला. आणि त्या वेळी त्यांची नावे देशभरच्या वृत्तपत्रांतून छापून आली. राजराजाच्या काळात जे झाले नाही ते सहस्र वर्षांनी झाले. यामुळे त्यांची भक्ती उणावली असे कोणी म्हणणार नाही. दात्याने, राजाने, सरकारने कारागिराला श्रेय द्यावे. कारागिराने ते पुढे कोणाला द्यायचे हा त्याचा आणि त्याच्या देवाचा प्रश्न आहे. दुसऱ्याचे श्रेय देवाला परस्पर देऊन टाकण्याचा अधिकार मात्र कोणालाच नाही. 'माझे यश देवाचे' हे वाक्य प्रथमपुरुषीच शोभते. 'तुझे यश देवाचे' असे म्हटले की त्याच वाक्याचा अर्थ बदलतो. मग ते भक्तीचे न राहता मजुरी बुडवण्याचे वाक्य होते.

देवाला श्रेय देण्याच्या या दीर्घ परंपरेतून शेवटी काय हाती लागते? एक तर असे, की खरा कर्ता आपल्या कर्तेपणाची सीमा ओळखतो. ब्रह्मदेवाला ती ओळखता आली नाही, स्वामीमलैच्या ओताऱ्याला रोज ओळखावी लागते. दुसरे असे, की श्रेय सोडणे आणि जबाबदारी सोडणे या भिन्न गोष्टी आहेत. शिवाजी महाराजांच्या दोन पत्रांतले आणि तुकोबांच्या मुद्रेतले मर्म हेच. आणि तिसरे असे, की श्रेय देवाला देणे हे मुळात ऋण मानणे आहे. ज्या मातीने रेषा धरली, ज्या गुरूने घड्या घालायला शिकवले, ज्या कोणा अनामिकाने प्रथम मेणावर माती थापून पाहिली, त्या सर्वांची नावे घेता येत नाहीत. ती सगळी मिळून एक नाव घ्यायचे झाले, की माणूस देवाचे नाव घेतो. कावेरीचा गाळ दरवर्षी वरून वाहून येतो. तो आपण आणला असे स्वामीमलैत कोणी म्हणत नाही. पण तो चाळून घ्यायचे काम कोणी नदीवर सोडत नाही.